नव्व्याण्णव नंबरची फाईल

सोमवारी उद्यमनगरात लाईट नसते.
मंगळवारी शटर वर गेलं की
मगदूमांच्या वर्कशॉपातला जुना लिनक्सवाला कॉम्प्युटर
डोळे चोळत उठतो
आणि काटा कुठला, गेज कुठलं, विसरलेला असतो.

जी वायर आधी जागी होईल ती शून्य.
मागून येईल ती एक.
एवढंच त्याचं शास्त्र.
एका मंगळवारी पंपाच्या झाकणाचं वजन
चाळीस पूर्णांक शून्य दोन आलं.
ते मिलिमीटर होते.
इलाही मुजावर मामांनी झाकण हातावर तोललं,
म्हणाले, "ह्यो खोटं बोलालाय."

तेव्हापासून रोज सकाळी
खुर्ची पुसायच्या आधी मी दोन ओळी टाईप करायचो.
बाई असून करायचो म्हणतो, आमच्याकडं असंच.
पुण्यात सहा महिने ट्रेनिंगला होतो,
तिथं "मी आले", "मी गेले" पाठ केलं, बरं जमलंही.
परतीच्या एसटीत, किणीच्या टोलनाक्यापुढं कुठंतरी
ते पुसलं गेलं.
स्टँडवर उतरून आईला फोन लावला: आलो.

दोन ओळी, एंटर, सगळं जागेवर.
पण दिवसापुरतं.
खडूनं लोखंडावर लिहिल्यागत,
तेलाचा हात लागला की गेलं.
कायमचं करायचं तर फाईलीत लिहावं लागतं.

शनिवारी बसलो.
म्हटलं, दोन्ही वायरींचे जन्माचे नंबर घेऊ,
ज्याचा त्याला.
लक्ष्मीपुरीतनं एकाच दिवशी आणलेल्या, एकशेऐंशीला एक.
दोघींचा नंबर एकच निघाला.
जुळ्या पण नव्हेत,
एकीचीच दोनदा काढलेली झेरॉक्स.

मग ओळख कशावरनं?
बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसलो.
शेवटी जागेवरनं.
मागच्या अंगाला वरच्या खाचेत घुसेल ती काट्याची,
खालच्या खाचेत घुसेल ती गेजची,
वायर कुठली का असेना.

मामांना म्हटलं, बारसं करायचंय, नावं सुचवा.
त्यांनी कॉटन वेस्टला हात पुसले,
एक एक बोट पुसलं,
म्हणाले, "वरची थोरली. खालची धाकटी."
तीच लिहिली, इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंग तीनदा बघून.
फाईलीच्या नावाआधी नव्व्याण्णव घातलं.
आकड्याच्या क्रमानं वाचतात फाईली,
शेवटी वाचलेलीचं चालतं.
आमच्या घरी आत्याचं चालतं तसं:
सगळ्यांचं बोलून झालं की ती ताट सरकवते
आणि मग बोलते.

मेन स्विच पाडला. मुद्दाम.
पंखा घरघरत थांबला.
लेथवरनं आवाज आला, "कुणी पाडली रं?"
अंधारात मी आकडे मोजत होतो, कितीपर्यंत ते आठवत नाही.
स्विच वर.
पांढरी अक्षरं सरसर वर सरकली.
थोरली. धाकटी.
झाकण ठेवलं: सहा किलो शंभर.
पुन्हा पाडला. पुन्हा तेच.

मगदूम शेठ आले, चष्मा वर करून बघितलं.
"म्हणजे आता रोज सकाळी काही करावं लागत नाही?"
"नाही."
"बरं झालं," म्हणाले,
आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले.
माझा करार अकरा महिन्यांचा, मार्चात संपतो.
कायम हा शब्द त्या खोलीत सकाळपासून
मी एकटीच वापरत होतो.

मामा वाकून लाल ऑइलपेंटचे ठिपके देत होते,
वरच्या खाचेशेजारी एक, खालच्या खाचेशेजारी दोन.
डबा पिशवीत टाकला.
दारातनं म्हटलं, "मामा, येतो.
मंगळवारी बघू."
त्यांनी मान वर न करता ब्रश हलवला.
रंग अजून ओला होता.